डाव्या पायाचा बूट

तिला सगळे आरी म्हणत. तोंडावर मात्र नाही. तोंडावर म्हणायची छाती असलेला माणूस त्या गल्लीत राहत नव्हता. चामड्याला भोक पाडायची आरी दिवसाचे दहा तास तिच्या हातात असते आणि उरलेला वेळ जिभेवर, असं तिचा सख्खा भाऊच एकदा बोलून गेला होता. त्यानंतर दोन वर्षं तो तिच्या दारात आला नाही, म्हणजे तिनं येऊ दिलं नाही.

धंदा बुटांचा, पण दुकानात टांगलेले असतात त्या बुटांचा नव्हे. ज्यांचे पाय दुकानातल्या बुटांत जात नाहीत अशांचे बूट ती करायची. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं अंगठ्याजवळचं हाड वर आलेलं, कुणाची साखरेच्या आजारानं दोन बोटं गेलेली. अशी माणसं तिच्या एका खोलीच्या कारखान्याबाहेर पायरीवर बसून वाट बघत आणि आत गेल्यावर बोलणी खात. एवढी वर्षं झोपा काढत होतात का, हा बूट तुम्हाला कुठल्या शत्रूनं विकला, पाय पुढे करा, लाजताय कसले, असं ती एका दमात बोलायची आणि बोलता बोलता मापं काढून मोकळी व्हायची. माप घेऊ का म्हणून तिनं आयुष्यात कुणाला विचारलं नाही. गिऱ्हाईक मनातून चरफडायचं, पण उठून जायचं नाही. कारण तिचे बूट घालून माणूस रस्त्यानं चालू लागला की लोक त्याच्या तोंडाकडे बघत, पायाकडे नाही. तिच्या बापानं तिला धंद्याचा नियम म्हणून एवढंच शिकवलं होतं: पायाचं जे काय असेल ते बुटाच्या आत राहिलं पाहिजे.

आणि अशा बाईच्या पोटच्या पोरीचा पाय लुळा पडला.

पोर तेव्हा दीड वर्षाची होती. आरोग्य केंद्रात लस टोचायला नेली होती. त्या वयाच्या मुलाला सुई मांडीत, बाहेरच्या बाजूला टोचायची असते. नर्सनं ती टोचली कुल्ल्यात, आणि तीही नको तिथं, शिरेच्या वाटेवर. पोर अशी किंचाळली की बाहेर बाकावर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. संध्याकाळी आरीनं तिला उभी करायला घेतली तर डावा पंजा खाली लोंबत होता आणि बोटं जमिनीला घासत होती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की शीर दुखावली आहे, वर्षभरात जेवढी सुधारायची तेवढी सुधारेल. ती थोडी सुधारली आणि थांबली. पाऊल बारीक राहिलं, पाय बोटभर आखूड राहिला आणि पंजा वर उचलेना.

शेजारची एक बाई हळहळायला आली आणि म्हणाली, म्हणून तर आम्ही पोरांना लसच देत नाही. आरीनं तिला पुढचं वाक्य बोलू दिलं नाही. लशीला काय झालंय, खोट सुई धरणाऱ्या हातात होती, आणि पोराला गोवर झाला तर माझ्या दारात रडत येऊ नकोस, असं तिला पायरीवरूनच ऐकवलं. लेकीच्या पुढच्या सगळ्या लशी तिनं तारीख न चुकवता दिल्या. दर वेळी ती नव्या नर्ससमोर मांडीवर बोट ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, इथं, यापेक्षा एक तसूही इकडे-तिकडे नको. नर्सा तिला बघितलं की चहाच्या सुट्टीवर जात.

बुटाचं काम तिनं पोर पुन्हा चालायला लागण्याआधीच हातात घेतलं. पंजा वर धरून ठेवायला पोलादाची पातळ पट्टी घोट्याच्या मागून तळापर्यंत नेली आणि दोन चामड्यांच्या मधे अशी शिवली की हात फिरवला तरी कळू नये. आखूड पायाखाली उंची हवी, ती तळ जाड न करता आत बुचाच्या लाकडाचे थर देऊन साधली. बारीक पाऊल भरून दिसावं म्हणून अस्तराला लोकर लावली. बाहेरून उजवा आणि डावा अगदी सारखे. पाय वाढेल तसा नवा जोड. पोर साडेनऊ वर्षांची होईपर्यंत अकरा जोड झाले. पोर त्यांत पळायची, दोरीवरच्या उड्या मारायची. शाळेत तिच्या बाईंनासुद्धा पत्ता नव्हता. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी ती बूट चढवायची आणि नाड्यांना दोन गाठी मारायची. बुटाशिवाय तिला आईबाप आणि डॉक्टरांखेरीज कुणी बघितलं नव्हतं. कुणाला दाखवायचं नाही, हे आईनं तिला अ-आ-इ-ई शिकवायच्या आधी शिकवलं होतं.

पण पाय काही जन्मभर बुटाच्या भरवशावर राहणार नव्हता. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं. पोटरीतला एक चांगला स्नायू सोडवून पावलाच्या वरच्या अंगाला बांधायचा, म्हणजे पंजा उचलता येतो; पण हे दहा वर्षांच्या आत झालं पाहिजे, पुढे पाऊल ताठरतं आणि मग बूट काय नि सर्जन काय, दोघांचे हात टेकतात. ते ऑपरेशन आणि त्यापुढचे वर्षभराचे उपचार म्हणजे बूट शिवणारी बाई आणि शाळेची बस चालवणारा तिचा नवरा यांनी नुसतं स्वप्नात बघायची गोष्ट. एकच वाट होती. लसीकरणात मुलाला इजा झाली तर भरपाई द्यायचा कायदा होता आणि त्यासाठी एक मंडळ होतं. मंडळानं कायमचं अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या वर धरलं की ऑपरेशनपासून सगळं मंडळाकडे. चाळीसच्या खाली धरलं तर काहीच नाही.

या कामाला जो वकील मिळाला तो साठीचा, शांत स्वभावाचा माणूस होता. पहिल्याच भेटीत त्यानं समजावून सांगितलं की यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. इजा लस टोचताना झाली का आणि किती झाली, एवढंच मंडळ बघतं. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. आरी खुर्चीवरून उठली.

"म्हणजे त्या नर्सनं काही केलंच नाही?"

"तसं कायदा म्हणत नाही, ताई. कायदा तो प्रश्नच विचारत नाही."

"मग कायदा करतो काय? लोणचं घालतो?"

वकिलानं चष्मा पुसला. त्याला कळून चुकलं की या बाईला भरपाई हवी आहेच, पण त्याहून जास्त तिला समोर एक आरोपी उभा करून हवा आहे. तो मिळणार नव्हता. चार वर्षं तिनं मंडळाचे उंबरठे झिजवले आणि चारही वर्षं ती प्रत्येक कारकुनाला ऐकवत राहिली की एका बाईनं माझ्या पोरीचा पाय मोडला आणि तिचं नाव लिहायला तुमच्या अर्जात रकाना नाही.

शेवटी तपासणीची तारीख आली. आता इथं आरीनं जे केलं ते दुसऱ्या कुठल्या आईनं केलं नसतं. बाकीच्या आया अशा ठिकाणी मूल आहे तसं नेतात, थोडं जास्तच दीनवाणं करून नेतात. आरीनं महिनाभर आधीपासून नवा जोड करायला घेतला. मोठ्या साहेबांपुढे जायचं तर पोर नीटनेटकी दिसली पाहिजे, मंडळवाल्यांनी आपल्याला भिकारी समजता कामा नये, या एकाच विचारानं तिला घेरलं होतं. अकरापैकी हा सर्वांत चांगला जोड. तपकिरी रंगाचा, शिवण एकसारखी, टाच अशी बसवलेली की पावलाचा आवाजसुद्धा दोन्हीकडे सारखा यावा.

तपासणीच्या दिवशी पोर दारातून आत आली, लांबलचक खोली पार करून टेबलापर्यंत गेली आणि खुर्चीवर टुणकन चढून बसली. टेबलामागे तिघं होते. मधे अध्यक्ष, एका बाजूला कायद्याच्या जाणकार बाई, दुसऱ्या बाजूला मंडळाचे डॉक्टर. डॉक्टरांनी पडद्यामागे नेऊन पाय तपासला, हातानं पंजा हलवून बघितला. मग ते पाठ फिरवून लिहीत बसले तेवढ्यात पोरीनं बूट चढवून दोन गाठी मारल्यासुद्धा. मग तिला खोलीत दोनदा चालवलं. आरी भिंतीशी उभी राहून त्या चालण्याकडे बघत होती आणि तिचा ऊर भरून आला होता, हे कबूल करायला हवं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. अपंगत्व पंचवीस टक्के. दावा नामंजूर. खाली डॉक्टरांचा शेरा होता: "अर्जदार मूल साध्या बुटांत, कोणत्याही साधनाच्या आधाराविना, जवळजवळ सामान्यपणे चालते."

आरीनं ते पत्र उभ्यानं वाचलं. नामंजूर हा शब्द तिला नंतर दिसला. आधी दिसला तो "साध्या". साध्या बुटांत! बुचाचे सात थर, पोलादाची पट्टी, महिनाभर फुटलेले डोळे, आणि त्या माणसानं लिहिलं साध्या बुटांत. इतकी सरस पावती तिच्या कामाला आजवर मिळाली नव्हती आणि तिनं ती चुरगाळून भिंतीवर फेकली.

वकिलानं या वेळी चष्मा पुसला नाही. तुमच्याच हातांनी तुमची केस मारली, असं त्यानं तिला सरळ सांगितलं. त्यानं फेरतपासणीचा अर्ज केला आणि तो मंजूरही झाला, पण ही शेवटची संधी, यापुढे अपील नाही. मुलीला चप्पल घालून आणा, नाहीतर अनवाणी आणा, आणि आदले आठ दिवस तिला बुटांशिवाय राहू द्या, म्हणजे पाय कसा आहे ते दिसेल, असं त्याचं म्हणणं. आरी म्हणाली, माझी पोर लंगडायची तालीम करणार नाही. अनवाणी चालायचं तर तिथं, त्या खोलीत, एकदाच काय ते चालेल.

नवरा सहसा मधे पडत नसे. वर्षानुवर्षं ओरडणाऱ्या पोरांनी भरलेली बस चालवून त्यानं कानांना सवय लावून घेतली होती. पण तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "पोरीला सांगून ठेव काय करायचंय ते. ऐनवेळी तिला धक्का नको."

"माझ्या पोरीला मी ओळखते. तू बस सांभाळ."

तिनं पोरीला काही सांगितलं नाही. खरं तर तिला सांगता येईना. ज्या तोंडानं आठ वर्षं दाखवायचं नाही म्हटलं, त्याच तोंडानं आता दाखव कसं म्हणायचं, ते तिला सुचेना; आणि सुचत नाही म्हटल्यावर ती त्या दिवशी सगळ्यांवर खेकसत राहिली.

दुसऱ्या खेपेला खोलीत आणखी एक माणूस होतं. आरोग्य केंद्राची जुनी नोंदवही घेऊन ती नर्स आली होती. केस पिकले होते, अंगानं सुटली होती. आरीनं तिला पहिल्या नजरेत ओळखलं आणि वकिलानं तिच्या दंडाला हात लावून तिला खाली बसवलं.

अध्यक्षांनी पोरीला गोड आवाजात तिथंच, पडद्याशिवाय, सगळ्यांसमोर बूट काढून चालायला सांगितलं. पोरीनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, काढ. पोरीनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"नाही."

पुन्हा सांगून झालं. वकिलानं सांगून बघितलं, कायद्याच्या बाईंनी सांगून बघितलं. पोर खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती, जबडा घट्ट, मान खाली. तो हट्ट कुणाकडून आला होता हे खोलीत सगळ्यांना दिसत होतं. डॉक्टरांनी घड्याळात बघितलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले की मुलगी चालून दाखवणार नसेल तर आमचाही नाइलाज आहे, आधीचा शेरा कायम ठेवावा लागेल.

तेव्हा नर्स हळूच पुढे आली. "बाळ, काढ गं. हवं तर मी तोंड फिरवून उभी राहते."

आरीचा तोल तिथं गेला. "तिला बाळ म्हणू नकोस. हीच ती गं," ती लेकीला म्हणाली, "हिनंच तुझ्या पायाची ही गत केली."

नर्सचा चेहरा लाल झाला. पण आठ वर्षं तिनंही काहीतरी गिळून ठेवलं असावं. "सुई मी चुकवली. ते मी त्याच दिवशी लिहून दिलंय, वही उघडून बघा. पण पोरीचे पाय कुणी धरले होते, बाई? पाय सोडलेत कशाला?"

वकील म्हणाला, याचा दाव्याशी संबंध नाही. ते खरंही होतं. पण पाय का सुटले होते हे आरीला एकटीलाच ठाऊक होतं. त्या दिवशी सुई जवळ आली तेव्हा ती नर्सच्या बुटांकडे बघत होती. नर्सची टाच आतल्या बाजूनं पार झिजली होती, आणि या बाईचे गुडघे जाणार, हिला सांगायला हवं, असा विचार करत असताना तिची पकड सैल झाली. पोर वळली. एवढंच. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, वकिलाला सांगितलं नव्हतं. आठ वर्षं ती सगळ्या जगाशी भांडत होती ती हे कुणी विचारू नये म्हणून, आणि आज ते लेकीच्या देखत विचारलं गेलं.

काहीतरी केल्याशिवाय तिला तिथं उभं राहता येईना. तिच्या पिशवीत चामडं कापायची रापी कायम असायची. ती काढून ती लेकीसमोर खाली बसली. एका हातानं डावा घोटा पकडला, दुसऱ्या हातानं दोन गाठींच्या नाड्या कापल्या आणि बूट ओढून काढला. पोर ओरडली. अध्यक्ष अर्धे उठले. आरीनं बूट टेबलावर त्यांच्या कागदांवर ठेवला आणि टाचेपासून तळापर्यंत तो उभा फाडला. शिवण उसवली, चामडं दोन्हीकडे पडलं, पोलादाची पट्टी टणकन टेबलावर उसळली, बुचाचे तुकडे डॉक्टरांच्या पुढ्यात गेले.

"हा तुमचा साधा बूट," ती म्हणाली. "मोजा थर."

डॉक्टरांनी पट्टी उचलली, वाकवून बघितली, ती पुन्हा सरळ झाली.  मग त्यांनी मुलीला विचारलं, आता चालून दाखवतेस का? पोरीनं आईकडे बघितलं नाही. उजव्या पायातला बूट तिनं स्वतः काढला, कारण एका बुटावर तोल जातो, आणि ती खुर्चीवरून उतरली. खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. प्रत्येक पावलाला गुडघा वर उचलावा लागत होता आणि डावा पंजा फरशीवर फट्‌ करून आपटत होता. परतताना ती एकदा अडखळली. नर्स पुढे झाली, पण पोर आपली आपण सावरली. डॉक्टरांनी लिहायला घेतलं. अध्यक्षांनी कागदात डोकावून "पंचावन्न" असं मोठ्यानं वाचलं आणि दावा मंजूर, पत्र येईल, म्हणून सांगितलं. वकिलानं आरीचा हात हातात घेतला. आयुष्यात एवढा मोठा विजय तिला मिळाला नव्हता आणि तिला तो कुठंच जाणवेना.

बाहेर लांब व्हरांडा होता आणि दोन्ही बाजूंच्या बाकांवर आपापल्या नंबराची वाट बघणारी माणसं होती. आरी लेकीपुढे पाठ करून उकिडवी बसली.

"चढ. गेटपर्यंत नेते."

पोर उभीच राहिली. "तो माझा होता."

"दुसरा करीन. आज घरी गेल्यावर लगेच घेते करायला."

"तू मला विचारलं नाहीस."

आरीकडे उत्तरं होती. ऑपरेशन होतं, दहा वर्षांची मुदत होती, मंडळ ऐकणार नव्हतं, आणि यातलं एकही खोटं नव्हतं. ती मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "नाही विचारलं."

पोर पुढे निघाली. बाकांवरची माणसं एक एक करून वळून बघू लागली, तोंडाकडे नाही, पायाकडे. एक बाई शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली. एका म्हाताऱ्यानं तर नीट दिसावं म्हणून मान लांब केली. आरीच्या हातात फाटलेला बूट होता, आणि त्या म्हाताऱ्याला काय ऐकवायचं ते तिच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"आई," पोर मागे न बघता म्हणाली, "कुणाला काही बोलू नकोस."

गेटपर्यंतचा व्हरांडा बराच लांब होता. आरी लेकीच्या मागून चालत राहिली आणि कुणाला काही बोलली नाही.